अकरा अंगठे

‘अशी कुठलीही वही आमच्या संघाकडे नाही,’ कळशेट्टी सर म्हणाले आणि त्यांनी बशीतलं बिस्किट उचलून चहात बुडवलं. ‘बाईंना कुणीतरी भलतंच सांगितलंय.’

येमूल बाई उभ्याच होत्या. हॉलमध्ये सत्तावीस खुर्च्या होत्या, सत्तावीस खाजगी प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी. पुढे टेबलामागे गादीची एक जास्तीची खुर्ची होती, शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. बाईंसाठी मांडू नकोस, असं मला सकाळीच सांगितलं होतं.

‘कुणीतरी नाही,’ बाई म्हणाल्या. ‘इनामदार सरांनी सांगितलं. ते समोर बसलेत. विचारा त्यांना.’

इनामदार सर चष्मा पुसू लागले. ‘मी म्हणालो की आम्ही चौकशी करतो. एवढंच.’

‘तुम्ही म्हणालात, बाई, वहीत तुमचं नाव आहे, माझा इलाज नाही.’

‘मला तसं आठवत नाही.’

‘पंधरा दिवस झाले नाहीत, सर.’

‘वय झालं त्यांचं,’ मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. इनामदार सरही त्यात थोडे हसले.

संघाच्या चिटणीस परांडेकर मॅडम अधिकाऱ्यांकडे वळल्या. ‘साहेब, संघाची एकच वही आहे. सभेच्या नोटिसा तिच्यातून सगळ्या शाळांत फिरतात. सिद्राम, दे ती साहेबांना.’

मी दाराशी चहाची किटली घेऊन उभा होतो. किटली खाली ठेवली, खांद्याच्या थैलीतून हिरवी वही काढली आणि टेबलावर दिली. अधिकाऱ्यांनी पहिली चार-पाच पानं उलटली. नोटीस, खाली सत्तावीस सह्या. नोटीस, खाली सह्या. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे परत दिली.

‘यात काही नाही, बाई,’ ते म्हणाले.

‘वाटल्यास शिपायालाच विचारा,’ कळशेट्टी सर म्हणाले. ‘तीन वर्षं हाच वही फिरवतोय. पण तो तरी काय सांगणार? अंगठेबहाद्दर आहे. त्याला वही काय नि वीट काय.’

पुन्हा हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीतलं आपलं एकमेव माणूस असल्यासारखं पाहिलं.

माझी नोकरी कशी लागली ते आधी सांगावं लागेल.

गिरणी बंद पडली तेव्हा मी चव्वेचाळीसचा होतो. वीस वर्षं साचाखात्यात मागावर काढली होती, दुसरं काही येत नव्हतं. दोन वर्षं मिळेल ते ओझं उचललं. मग कुणीतरी सांगितलं, शाळांच्या मुख्याध्यापकांचा संघ आहे, त्यांना शिपाई हवाय. संघाचं ऑफिस म्हणजे कळशेट्टी सरांच्या शाळेच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. सर अध्यक्ष होते. माझ्या आधी मॅट्रिक झालेली दोन पोरं जिना उतरून गेली. दोघांचीही तोंडं पडलेली होती.

परांडेकर मॅडमनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं. ‘वाच.’

मी ते डोळ्यांसमोर धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘उलटं धरलंयस,’ मॅडम म्हणाल्या.

‘मला काय बाई, दोन्हीकडून सारखंच,’ मी म्हणालो.

‘उद्यापासून ये,’ कळशेट्टी सर म्हणाले.

मी घरी जाताना पोरींसाठी भजी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा न शिकल्याचा फायदा झाला, असं बायकोला सांगितलं.

काम सोपं होतं. सायकलवर वही न्यायची आणि मुख्याध्यापकांच्या हातातच द्यायची, क्लार्कच्या नाही. ते वाचणार, ‘पाहिले’ असं लिहून सही करणार, तारीख टाकणार. मग त्यांच्या सहीशेजारी मी अंगठा लावायचा. वही परत मिळाल्याची ती पोच. प्रत्येक शाळेत शाईचं पॅड असायचंच. सभा असली की वही सगळीकडे फिरे. पण अधूनमधून एखाद्या शाळेचा शिपाई ऑफिसात येऊन म्हणे, ‘आमच्या सरांनी वही मागितलीय,’ आणि मग मी त्या एकाच शाळेत जात असे. तेव्हा मुख्याध्यापक वही उलटी करून मागच्या बाजूने उघडत. मला त्यात काही वाटलं नाही. पुष्कळ लोक वह्या दोन्हीकडून वापरतात.

मी खुर्चीशेजारी उभा असताना ते वाचत आणि बोलत. ‘ही तर गेल्या वर्षी तुमच्याकडे होती ना?’ ‘याला कुणी घेतला तर संघातून काढू.’ मी भिंतीसारखा उभा असे. भिंतीसमोर कुणी आवाज खाली करत नाही.

येमूल बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या जून महिन्यात, एका शाळेच्या व्हरांड्यात. बालवाडीच्या बुटक्या बाकावर, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. वय तिशीचं, केस घट्ट बांधलेले. मी आत जाऊन अंगठा लावून बाहेर आलो, तशी त्यांना आत बोलावलं. मी सायकलचं कुलूप काढेपर्यंत त्या परत बाहेर आल्या होत्या.

दुसऱ्या शाळेत हेच. तिसऱ्या शाळेत त्या म्हणाल्या, ‘मामा, तुम्ही नेहमी माझ्या आधी पोचता.’ शाळांतून शिपायाला सगळे मामाच म्हणतात.

‘तुम्ही कशाला फिरताय, बाई?’

‘नोकरीला.’

‘मी पण नोकरीलाच फिरतोय,’ मी म्हणालो. त्यांना हसू आलं नाही. त्या माझ्या निळ्या अंगठ्याकडे बघत होत्या.

‘सही येत नाही?’

‘नाही.’

‘लाज नाही वाटत? दिवसभर शाळांतून फिरता.’

इतकं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, शिव्या द्यायचा, पण त्या सगळ्यांना मिळून असत. मी म्हणालो, ‘आता या वयात काय वाटायचं?’

‘त्या भिंतीवर तक्ता आहे,’ त्यांनी छत्रीचं टोक तिकडे केलं. ‘पहिलं चित्र कशाचं?’

‘अननस.’

‘शेजारी काय आहे?’

‘काहीतरी काढलंय.’

‘तो अ आहे. मला आत बोलावेपर्यंत तो शंभरदा बघा. पुढच्या शाळेत विचारीन.’

पुढच्या शाळेत त्यांनी खरंच विचारलं.

बाकावर सुरू झालेलं ते शिक्षण पुढे रविवारी सकाळी त्यांच्या घरी होऊ लागलं. त्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, वडिलांच्या मागाच्या खोलीत राहत. आत माग खडखडत असे आणि बाहेर ओट्यावर मी पाटी घेऊन बसे. बाई गोड बोलत नसत. ‘हा र काढलाय की कपडे टांगायची खुंटी?’ ‘मामा, तुमच्या पोरीसुद्धा हसतील.’ चुकलं की पाटी ओढून घेत आणि स्वतःच्या पदराने पुसून परत देत. माझा हात धरून त्यांनी मला माझं नाव गिरवायला लावलं. साचा चालवणारा हात, पण पेन्सिल धरली की टोकच मोडायचं.

कळशेट्टी सरांच्या शाळेतून त्यांना का काढलं, ते त्यांनीच एका रविवारी सांगितलं. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला आईवडिलांनी नगरपालिकेच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. सर शाळा सोडल्याचा दाखला देईनात. पट कमी होतो, म्हणजे मुलांचा आकडा घटतो, म्हणून आमच्या संघातल्या शाळा मुलं धरून ठेवत. चार महिने ती मुलगी घरी बसली. शेवटी बाईंनी स्वतःच्या अक्षरात तिची जन्मतारीख, इयत्ता, हजेरी असं सगळं लिहून दिलं. त्यावर मुलीला प्रवेश मिळाला. एप्रिलमध्ये बाईंना सांगण्यात आलं, जूनपासून येऊ नका.

‘पण त्याचा राग सरांनी धरावा, बाकीच्यांनी का?’ बाई म्हणाल्या. ‘प्रत्येक ठिकाणी अर्ज घेतात, मला चांगली म्हणतात, गुरुवारी या म्हणतात. गुरुवारी गेलं की जागा भरलेली. आठ ठिकाणी झालं. माझ्या तोंडावर काही लिहिलंय का, मामा?’

मी म्हणालो, ‘नाही, बाई.’

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. दुसरीच्या पुस्तकातला एक धडा काढला आणि बोट न लावता वाचायला सांगितला. मी वाचला. मध्ये दोनदा श्वास घेतला, पण थांबलो नाही. बाईंनी कपाटातून त्यांची टाचणवही काढली. शिक्षक रोजचा पाठ टिपतात ती. वर्ग नसतानाही त्या ती ठेवत होत्या. तिच्यात त्यांनी लिहिलं आणि मलाच वाचायला लावलं: ‘१४ ऑक्टोबर. मामांनी धडा सलग वाचला. सही पक्की.’

‘आता अंगठा बंद,’ त्या म्हणाल्या.

‘हो,’ मी म्हणालो.

दिवाळीनंतर इनामदार सरांच्या शाळेत दुसरीच्या वर्गावर जागा निघाली. इनामदार सर बाकीच्यांपेक्षा बरे. त्यांनी बाईंचा पाठ स्वतः मागे बसून पाहिला आणि सांगितलं, ‘सोमवारपासून या.’ बाईंनी दोन दिवस बसून शब्दकार्डं केली. जुन्या साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, रंगवून, ओट्यावर दगड ठेवून वाळत घातली होती. मी शनिवारी सकाळी तिकडून जाताना पाहिली. घर, फळ, मगर, गवत. सगळी मला वाचता आली. बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्याच शनिवारी दुपारी इनामदार सरांनी वही मागवली.

सोमवारी बाईंना वर्गात जाऊ दिलं नाही. इनामदार सर फाटकाशी आले, आणि त्यांच्या तोंडून ते वहीचं वाक्य निघून गेलं. बाईंनी शिक्षण खात्यात अर्ज दिला, म्हणून तो अधिकारी आमच्या वार्षिक सभेला आला होता.

तर ती सभा. वही माझ्या हातात परत आलेली. सर म्हणालेले, वही काय नि वीट काय.

‘मामा,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही सांगा. थैलीतून तुम्ही काय नेता?’

मी वही उलटी केली.

‘बघा साहेब,’ कळशेट्टी सर म्हणाले, ‘वही उलटी धरलीय. पेपर पण असाच धरला होता त्यानं.’

सगळा हॉल हसला. परांडेकर मॅडम हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, ‘सिद्राम, ती इकडे दे आणि चहा बघ.’

‘चहा झालाय, मॅडम,’ मी म्हणालो आणि मागच्या बाजूने पान उघडलं. मला ते पान शोधावं लागलं नाही.

‘कु. कलावती येमूल,’ मी वाचलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. ‘वय एकतीस. माझ्या शाळेत सहा वर्षं होती. शिकवते चांगली. पण मुले फोडते. कोणत्याही...’

मी तिथे अडलो. शब्द येत होता, पण जीभ उचलत नव्हती.

‘कोणत्याही सदस्य शाळेने ठेवू नये,’ बाई म्हणाल्या. त्या माझ्या खांद्याशेजारी येऊन उभ्या होत्या आणि पानाकडे बघत होत्या. अडलेल्या पोराला शब्द पुरवावा तसा त्यांनी तो पुरवला. ‘पुढे वाचा.’

‘अध्यक्ष, कळशेट्टी.’

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येऊ लागला. तो आधीही येत असणार.

‘याला वाचता येतं,’ कुणीतरी हळूच म्हणालं. चोराला पकडल्यावर म्हणतात तसं.

‘कधीपासून?’ कळशेट्टी सर उभे राहिले. ‘कधीपासून येतं तुला? कुणी शिकवलं?’

‘मी,’ बाई म्हणाल्या.

‘साहेब, हा सरळ कट आहे,’ सर अधिकाऱ्यांना म्हणाले. ‘या बाईनं आमचा माणूस फोडला. मुलं फोडली, आता शिपाई फोडला. संघाचे खाजगी कागद चोरून वाचले.’

‘आत्ता तर म्हणालात, वही नाहीच,’ अधिकारी म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती फुगली. सत्तावीस मुख्याध्यापक गप्प होते आणि मी वाचत होतो. आणखी पानं होती, आणखी नावं. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या शाबास म्हणतील. टाचणवहीत लिहितील.

बाईंनी माझ्या हातातून वही घेतली.

‘पाहिले,’ त्या वाचू लागल्या. ‘पाहिले. पाहिले.’ बोट खाली सरकत होतं. ‘अकरा शाळांत मी अर्ज केला, अकरा सह्या आहेत.’ मग त्यांचं बोट थांबलं, आणि सह्या सोडून बाजूच्या निळ्या ठशांवरून फिरू लागलं.

‘हे अंगठे कुणाचे?’

परांडेकर मॅडम चटकन म्हणाल्या, ‘त्याचेच. त्यानंच वही नेली ना सगळीकडे. सगळ्यात आधी तोच. आम्हाला कशाला विचारता?’

‘मी नुसती नेत होतो, बाई,’ मी म्हणालो. ‘मला कुठं माहीत होतं यात काय लिहिलंय.’

बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, निदान तेव्हा. त्यांनी पुन्हा पहिल्या सहीपासून सुरुवात केली. या वेळी त्या तारखा वाचत होत्या. मोठ्याने नाही, ओठांनी. सहावी, सातवी, आठवी. नवव्या सहीवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथून हललं नाही.

‘दोन नोव्हेंबर,’ त्या म्हणाल्या.

मी थैलीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

‘सोळा नोव्हेंबर. चोवीस नोव्हेंबर, हा शनिवार. इनामदार सरांची शाळा.’ त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ‘चौदा ऑक्टोबरला तुम्ही धडा वाचलात, मामा.’

वही मी कधी उघडली होती, ते सांगायचं मी आत्तापर्यंत टाळलं. पंधरा ऑक्टोबरला उघडली. धडा वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं आपण काय वाहून नेतोय ते बघू, एवढ्याच हौसेने, गच्चीवर, जेवणाच्या सुट्टीत. पुढून नोटिसा वाचल्या. मग उलटी केली. बाईंचं नाव मला लगेच कळलं, कारण त्यांच्या टाचणवहीवर तेच होतं. ते पान मी तीनदा वाचलं. मग वही थैलीत ठेवली आणि भाकरी खाल्ली.

‘यातलं तुम्हाला माहीत होतं,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, माझी नोकरी...’

‘माझीसुद्धा नोकरीच होती.’

इनामदार सर खाली बघत होते. कळशेट्टी सर मात्र बसले, आणि त्यांनी पायावर पाय टाकला. भांडण आता त्यांचं राहिलं नव्हतं.

‘मी तुम्हाला विचारलं होतं,’ बाई म्हणाल्या. ‘गेल्या रविवारी. ओट्यावर. मामा, थैलीत कसली वही असते? तुम्ही म्हणालात, नोटिसांची.’

‘म्हणालो.’

‘त्या शनिवारी सकाळी तुम्ही माझी कार्डं वाचलीत. घर, फळ. सगळी बरोबर वाचलीत. आणि दुपारी ही घेऊन गेलात.’

‘सरांनी मागवली होती.’

‘रस्त्यात पंक्चर होता आलं असतं. ताप येता आला असता. सोमवारी एकदा मी वर्गात उभी राहिले असते तर इनामदार सरांनी मला पोरांसमोरून काढलं नसतं, एवढी त्यांना लाज आहे.’ इनामदार सरांनी मान वर केली नाही. ‘दोन दिवस. तुम्हाला फक्त दोन दिवस ही वही हरवायची होती.’

त्या दुपारी सायकलवरून जाताना कालव्याच्या पुलावर मी उतरलो होतो. थैली कठड्यावर ठेवून थोडा वेळ उभा राहिलो होतो. ते मी तेव्हा सांगितलं नाही. सांगून बाईंना काय मिळणार होतं?

‘आणि हा अंगठा,’ त्यांनी शेवटच्या ठशावर नख ठेवलं. ‘सही शिकवली होती ना मी तुम्हाला?’

‘सही केली असती तर त्यांना कळलं असतं.’

‘काय कळलं असतं?’

‘की मला वाचता येतं.’

‘बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘मग तुम्हाला वाचून काहीतरी करावं लागलं असतं.’

त्यांनी वही मिटली आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती ताब्यात घेतली. संघाला पुढे एक कडक पत्र आलं. संघाने उत्तरात कळवलं, की वहीच्या मागील पानांवरील मजकूर शिपायाने परस्पर दाखवला असून त्यास कामावरून कमी केले आहे. मागची पानं बंद झाली. त्यानंतर दोन वर्षांत प्रत्येक शाळेत फोन आला आणि वहीची गरजच राहिली नाही.

बाईंना नगरपालिकेच्या शाळेत नोकरी मिळाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांनी जिच्यासाठी लिहून दिलं ती मुलगी शिकत होती. रस्त्यात त्या मला चार-पाचदा दिसल्या. पहिल्यांदा मी सायकलवरून उतरलो. त्या छत्री उघडून पलीकडे गेल्या, ऊन नव्हतं तरी. नंतर मी उतरलो नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सभा मोडण्याआधी अधिकाऱ्यांनी माझा जबाब लिहून घेतला. मी वही कधीपासून नेत होतो, कुणाच्या सांगण्यावरून, कुठे कुठे. पानभर झालं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, मग आठवल्यासारखं म्हणाले, ‘तुम्हाला तर वाचता येतं,’ आणि कागद माझ्यापुढे सरकवून पेन दिलं. ‘इथे सही करा.’

मी पेन घेतलं. सिद्राम मल्लप्पा कोरे, असं मी ओट्यावर पाटीभर लिहिलं होतं. कागदावर, चार लोकांसमोर, कधीच लिहिलं नव्हतं.

बाई दाराशी पोचल्या होत्या. तिथून वळून त्या म्हणाल्या, ‘साहेब, त्यांना सही येत नाही. अंगठाच घ्या.’

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही म्हणेन म्हणून ते थांबले. मी पेन खाली ठेवलं.

परांडेकर मॅडमनी ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढून दिलं. मी अंगठा टेकवला आणि उचलला. वही तिथेच टेबलावर होती. त्या पानावर माझे अकरा अंगठे होते. पहिले आठ न वाचता लावलेले, शेवटचे तीन वाचून. ठसे सगळे सारखेच उमटले होते. फरक फक्त बाईंना दिसला होता, आणि त्या जिना उतरून गेल्या होत्या.